वेशीतल्या दगडावरचा हात

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. शिकवते म्हणजे मी बोलत असते आणि मुलांच्या नजरा बाकाखालच्या मोबाइलवर असतात. एकदा वैतागून एका मुलीला म्हटलं, "काय बघतेयस ते वर धर, आम्हालाही दिसू दे." तिनं घाबरत मोबाइल वर धरला. तिच्या गावच्या जुन्या देवळाचा व्हिडिओ होता, ड्रोननं काढलेला. खालून कधीच न दिसणारं शिखर, त्याच्या खोबणीतलं पक्ष्याचं घरटं, झिजलेल्या मूर्ती. तो तास त्या देवळावरच गेला. मागच्या बाकांवरची मुलं पुढं येऊन उभी राहिली.

व्हिडिओ कुणी काढला विचारलं तर ती म्हणाली, आमच्या घरच्या लग्नातल्या फोटोवाल्यानं. त्याचं दुकान शुक्रवार पेठेत होतं. मी शोधत गेले. काचेआड नवरा-नवरींचे मोठाले फोटो, आत एक संगणक, आणि माझ्याच वयाचा, दाढीत थोडी पांढरी आलेला माणूस. त्याच्या घरी दखनी, माझ्या घरी कानडी, आणि आम्ही दोघं एकमेकांशी मराठीत बोलणार, अधूनमधून त्याची भाषा सुटणार. मी त्याला भाई म्हणू लागले, तो मला मॅडम. लग्नसराई नसली की त्याला जुन्या वास्तू टिपायचा नाद होता. दगडाभोवती फिरत फिरत ढीगभर फोटो काढायचे, संगणक ते जोडून त्याचा हुबेहूब आकार उभा करतो, मग तो मोबाइलवर बोटानं फिरवून सगळ्या बाजूंनी बघता येतो, हे तो इंटरनेटवर बघून शिकला होता.

"रंग भी निकाल सकते, मॅडम," तो म्हणाला. "फक्त आकार राहतो. आणि उजेड पाहिजे तिकडून टाकायचा."

आम्ही वीरगळांपासून सुरुवात केली. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. आमच्या जिल्ह्यात ते कुठंही सापडतात. कुणी त्यावर धुणं धुतं, कुणी त्याला शेळी बांधतं. आम्ही ते टिपायचो, कॉलेजच्या वेबसाइटवर ठेवायचो आणि मग त्याच गावच्या शाळेत जाऊन भिंतीवर दाखवायचो. पोरं बोटानं दगड गरागरा फिरवायची. एका गावात आम्ही निघायच्या आधीच बायकांनी धुण्याचा दगड उलटा करून घासून काढला होता. खालच्या बाजूला घोडेस्वार निघाला. त्या दिवसांत मला वाटायचं, आपण काहीतरी चांगलं करतोय. अजूनही वाटतं. पण भीमेकाठच्या त्या गावाबद्दल सांगायचं तर तसं नुसतं म्हणून भागत नाही.

त्या गावचं बोलावणं भाईच्या ओळखीनं आलं. तिथल्या एका मोठ्या घरचं लग्न त्यानं शूट केलं होतं. घरचा कर्ता पुरुष शाळा समितीचा अध्यक्ष होता आणि वेशीतल्या देवाचा जीर्णोद्धार त्यानं मनावर घेतला होता. "आमच्या बाबाचं बी करा की ते मोबाइलवर," तो फोनवर म्हणाला. "किती जुना हाय ते लोकांना कळू दे."

वेशीतला बाबा म्हणजे कमरेएवढा दगड. शेंदरानं माखलेला, वर चांदीचे डोळे. पुरुष रोज पाया पडायचे. बायका तिकडं फारशा जात नसत. नवी नवरी तेवढी लग्नाच्या दिवशी जाऊन डोकं टेकवायची, की झालं. भाई दगडापासून हातभर लांबच उभा राहिला आणि म्हणाला, "मी हात नाही लावणार. लांबूनच घेतो." अध्यक्ष मोठ्यानं हसला. "घ्या की जवळनं! फोटोनं कुटं देव बाटतोय व्हय?" चार माणसं भोवती होती, तीही हसली.

जेवण त्याच घरी झालं. भाकरी, शेंगाची चटणी, आमटी. वाढायला एक बाई होती, हडकुळी, पन्नाशीची, गळा मोकळा. "माझी धाकटी बहीण," अध्यक्षानं सांगितलं. "नवरा गेल्यापासनं मीच संबाळतो. मागच्या खोलीत असती." ती भाईकडं बघत होती. म्हणजे त्याच्याकडं नाही, त्याच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडं.

आठवडाभरानं भाईनं मला दुकानात बोलावलं. पडद्यावर तो दगड होता, तसाच शेंदरी. त्यानं रंग काढून टाकला. राखाडी, ओबडधोबड आकार राहिला. मग त्यानं उजेड डावीकडून, अगदी तिरपा टाकला आणि हळूहळू सरकवला. आधी वर चंद्र-सूर्य दिसले. मग मधोमध एक खांब. खांबातून बाहेर आलेला एक हात, कोपरात वाकलेला, पंजा वर उचललेला, आणि मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. शेंदराच्या थरांखाली त्यांच्या कडा पुसट झाल्या होत्या, पण होत्या.

"ये तो औरत का हाथ है," भाई म्हणाला.

ती सतीशिळा होती. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईसाठी उभा केलेला दगड. बांगड्या भरलेला हात म्हणजे तिचं सवाष्णपण, चंद्र-सूर्य म्हणजे ते असेपर्यंत तिची कीर्ती. मला आनंदच झाला. कितीतरी पिढ्या पुरुष ज्याला बाबा म्हणून नमस्कार करत आले, ती एक बाई होती, आणि हे आम्हाला समजलं होतं.

तरी देवाची गोष्ट, म्हणून कार्यक्रमाच्या आधी मी अध्यक्षाला फोन करून सगळं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. पण तो म्हणाला, "सतीमाता म्हंजे तर आणि मोटं की मॅडम! पंचक्रोशीत कुटं न्हाय. तुमी या. बायकांना पण बोलावतो."

शाळेच्या हॉलला पडदे नव्हते. खिडक्यांवर सोलापुरी चादरी खिळ्यांना अडकवून अंधार केला होता. दुपारची वेळ, आत उकडत होतं. पुढं पोरं, मग पुरुष खुर्च्यांवर, मागं भिंतीला टेकून बायका. आम्ही आधी दगड आहे तसा दाखवला. मग भाईनं रंग काढला. मग उजेड सरकवला, आणि भिंतीवर तो हात वर आला, माणसाच्या उंचीचा. बायकांनी पटापट हात जोडले. मी समजावून सांगितलं. सतीशिळा कशी ओळखायची, बांगड्या का, चंद्र-सूर्य का.

अध्यक्ष उठला. "असल्या बायका हुत्या आपल्या गावात," तो म्हणाला. "नवऱ्याच्या मागं हसत हसत गेली. आपण तिचं मंदिर बांधायचं."

टाळ्या थांबल्यावर मागून, दाराजवळून, आवाज आला. "तिला इचारलं हुतं का कुणी?"

अध्यक्षाची बहीण होती. ती भिंतीवरच्या हाताकडं बघत होती. प्रश्न मला आहे असं समजून मी शिक्षकासारखं उत्तर दिलं. म्हटलं, "ते दगडावरून कळत नाही. ज्यांनी दगड उभा केला त्यांनी तिचं कौतुक कोरलंय. ती स्वतः काय म्हणाली, हे कुठं लिहिलेलं नसतं."

"मंजे मागं राहिलेल्यांनी सांगितलं, तेच खरं."

"तेच आपल्यापर्यंत येतं."

ती भावाकडं वळली. "अण्णा, माज्या पोरीचं बी तसंच की. तुमीच समद्यांना सांगितलं, गॅस भडकला म्हणून. मग तिच्या अंगाला रॉकेलचा वास कसला येत हुता?"

पुढच्या पोरांना काही कळलं नव्हतं, ती हाताकडंच बघत होती. अध्यक्ष मात्र शांत आवाजात म्हणाला, "पोर गेल्यापासनं हिचं डोस्कं ठिकाणावर न्हाय." मग दोन माणसांना म्हणाला, "चादरी काडा. झाला कार्यक्रम." चादरी ओढल्या गेल्या, ऊन आत आलं आणि भिंत कोरी झाली. बायका तिला दोन्ही दंडांना धरून बाहेर घेऊन गेल्या. आम्हाला चहा दिला. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका, असा आग्रहसुद्धा केला.

परत येताना भाईनं गाडी गावाबाहेर काढली. मग म्हणाला, "मॅडम, ती शादी मीच शूट केली होती. तिच्या पोरीची. मामाच्याच पोराला दिली होती." आमच्याकडं मामाच्या मुलाशी लग्न करायची रीत आहे, घरातली पोर घरात राहते म्हणतात. म्हणजे मुलीचा सासरा तो अध्यक्ष, तिचा सख्खा मामा. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ती भाजून गेली. त्याच घराच्या मागच्या खोलीत तिची आई राहत होती, भावाच्या आधारावर, आणि जेवायला आलेल्यांना वाढत होती. भावानं मुलाचं दुसरं लग्न लावून दिलं होतं. त्या लग्नाचं बोलावणंही भाईलाच आलं होतं, पण तेव्हा दुसरीकडं काम असल्यानं तो गेला नव्हता.

पुढच्या काही दिवसांत गावात एक वेगळीच गोष्ट पसरली. आमच्या बाबाची बाई केली. आणि कुणी केली? तर त्या फोटोवाल्यानं, मुद्दाम, देवाला हात लावून. ज्याच्या हसण्यावर चार माणसं हसली होती त्या अध्यक्षानं हे खोडून काढलं नाही. मोबाइलवर भाईचा फोटो फिरू लागला, खाली वाईटसाईट मजकूर. त्या भागातली ठरलेली लग्नं एकेक करून रद्द झाली. मग एका सकाळी काही तरुण त्याच्या दुकानात आले. त्यांनी मारहाण केली नाही. एकानं काचेआडचा एका नवरीचा फोटो उचलला, रस्त्यावर आडवा ठेवला आणि त्यावर उभा राहिला. "ते काढून टाक," म्हणाला, आणि सगळे गेले.

कॉलेजातही मला प्राचार्यांचं बोलावणं आलं. आपला हेतू चांगला आहे, पण संस्थेला हे परवडणार नाही, असं मला समजावण्यात आलं. मी भांडले. म्हटलं, दगड जसा आहे तसा दाखवलाय, एक रेघसुद्धा आम्ही वाढवलेली नाही. ते म्हणाले, "खरं आहे. पण काढा."

मी भाईच्या दुकानात गेले. तो फुटलेली फोटोफ्रेम कागदात गुंडाळत होता. मी म्हटलं, "तुम्ही सांगाल तसं करू." तो म्हणाला, "मॅडम, मेरेकू दोन बेट्या आहेत. काढून टाका." मी घरी जाऊन सतीशिळेचं पान काढून टाकलं. दोन बटणं दाबली, झालं.

त्यानंतर एक दिवस दुपारी शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, कुणीतरी गावाकडची बाई आलीय. अध्यक्षाची बहीण बाहेर कट्ट्यावर बसली होती, हातात कापडी पिशवी. मी तिला अक्का म्हटलं, तिच्या बोलण्यात कानडी ऐकू आली म्हणून मीही कानडीत बोलले, तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला. मला वाटलं, तिला तो हात पुन्हा बघायचा असेल. मी म्हटलं, "वेबसाइटवरून काढलंय अक्का, पण माझ्याकडं आहे. दाखवते."

"ते नको," ती म्हणाली. "फोटोवाल्याकडं माज्या लेकीच्या लग्नाचं असंल की. अण्णानं अल्बम मला दिला न्हाय. माज्याकडं तिचा एक बी फोटो न्हाय."

आम्ही रिक्षानं शुक्रवार पेठेत गेलो. भाईनं काही न विचारता शटर अर्धं खाली ओढलं आणि जुन्या डिस्कमधून ते लग्न शोधून काढलं. ती स्टुलावर बसली. पडद्यावर हळद लागलेली मुलगी होती, गोल चेहऱ्याची, हसताना तोंडावर हात धरणारी. कुणीतरी तिला काहीतरी बोललं आणि ती कॅमेऱ्याकडं बघून ओरडली, "काका, हे नका घेऊ!" दुकानात तिचा आवाज घुमला. आईनं स्टुलाची कड धरली.

मग वाजंत्री, वरात, आणि नवरीला वेशीत नेलं ते. मुलगी वाकली. हिरव्या बांगड्यांचा हात तिनं दगडावर टेकवला. कपाळाला शेंदूर लागला तो ती पुसू लागताच तिच्या आईनंच, त्या व्हिडिओतल्या आईनं, तिचा हात धरून थांबवला.

"हितं थांबवा," अक्का म्हणाली.

भाईनं चित्र थांबवलं. ती किती वेळ बघत होती मला सांगता येणार नाही. भाई मागं वळून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. नंतर ती बोलू लागली, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. दवाखान्यात मुलीचा जबाब घेतला तेव्हा अण्णा उशाला उभा होता. मुलगी म्हणाली, दूध तापवताना पदर पेटला. सगळे बाहेर गेल्यावर ती आईला म्हणाली, "अव्वा, तुला कुटं जागा हाय दुसरी?" एवढंच. दुसऱ्या दिवशी ती गेली.

"मला जागा राहावी म्हणून खोटं बोलली माजी पोर," अक्का म्हणाली. "नन्न मगळू." माझी लेक. तेवढे दोन शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले. अधिकारी वाईट बोलला नाही. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग म्हणाला, "मरणाऱ्यानं स्वतः दिलेला जबाब आहे बाई, गॅसचा. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत. आता कशाच्या जोरावर उघडायचं?" रॉकेलच्या वासाचं त्यानं लिहून घेतलं. त्याचं पुढं काही झालं नाही. आम्ही कितीदा तरी जाऊन आलो. प्रत्येक वेळी खुर्ची मिळाली, पाणी मिळालं.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. एक दिवस ती रानातून परत आली तर तिच्या खोलीला कुलूप होतं आणि तिचं सामान वेशीत, त्या दगडापाशी आणून टाकलेलं होतं. दगड आता उघडा नव्हता. त्याच्याभोवती चौथरा झाला होता, डोळ्यांखालपर्यंत पांढऱ्या फरश्या लावल्या होत्या, फक्त चांदीचे डोळे वर दिसत होते. बाबा पुन्हा बाबाच झाला. मंदिराच्या पाटीवर सतीचं नाव नाही.

भाईच्या बायकोनं तिच्यासाठी खोली बघून दिली, एका खाणावळीच्या मागं. अक्का तिथं भाकरी करू लागली. सोलापुरात कडक भाकरीला मरण नाही, आणि तिचा हात चांगला. भाईचं दुकान आहे, पण खेड्यातली लग्नं गेली ती गेलीच. पासपोर्टचे फोटो, शाळेची ओळखपत्रं, यावर चालतं. माझ्याबरोबर तो अजूनही येतो, शेंदूर लावलेल्या दगडांकडं मात्र कॅमेरा वळवत नाही. मी आग्रह करत नाही. शाळांतले कार्यक्रम चालू आहेत. सतीशिळा कुठं निघालीच तर मी नेहमी सांगते ते सगळं सांगते, आणि जे कुणी लिहून ठेवलं नाही त्याबद्दलही बोलते.

गेल्या उन्हाळ्यात अक्काकडं गेले तर दारात एक तरुण बाई बसली होती, मांडीवर तान्ही मुलगी. अक्काच्या भाच्याची, म्हणजे जावयाची, दुसरी बायको. माहेरी जाते सांगून बसमध्ये बसली आणि माहेरी न जाता इथं आली होती. नातं बघितलं तर अक्का तिच्या नवऱ्याची आत्या. "आत्या, मला तितं भ्या वाटतंय," एवढंच ती म्हणाली म्हणे. अक्कानं तिला जेवायला घातलं, बाळाला न्हाऊ घातलं. दोन दिवस ती राहिली. मग तिचे वडील शोधत आले. हात जोडून म्हणाले, पोरीचा संसार आहे, आणखी दोघी लग्नाच्या आहेत. मी बोलले, भाई बोलला, मदत करणाऱ्या संस्था असतात म्हणून सांगितलं. त्यांनी सगळं मान हलवत ऐकलं. मुलगी उठली आणि बाळाला पदराखाली घेऊन त्यांच्यामागं चालू लागली. अक्कानं पळत जाऊन तिच्या चोळीत एक चिठ्ठी खोचली. मोबाइलचा नंबर होता. ती येईपर्यंत अक्काकडं मोबाइल नव्हता. भाईच्या मोठ्या मुलीनं त्या दोन दिवसांतच आपला जुना दिला आणि कसा उचलायचा ते शिकवलं.

आता तो मोबाइल परातीशेजारी असतो. वाजला की पिठाच्या हातानंच ती उचलते. बहुतेक वेळा खाणावळवाल्याचा असतो, अजून पन्नास भाकरी पाहिजेत म्हणून.